पंडिता रमाबाई : निराश्रितांच्या घराची उभारणी

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनापुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात. कलकत्त्याच्या पंडितमंडळींना आपल्या संस्कृत वक्तृत्वाने थक्क करणारी वीस वर्षांची विदुषी हे त्यांपैकी पहिले, आणि ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करून पुण्यातील वादळाला एकटीने तोंड देणारी विधवा हे दुसरे. रमाबाईंच्या चरित्रातील तिसरे आणि कदाचित सर्वांत टिकाऊ चित्र या दोहोंच्या आड राहिले आहे. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेकडो मुलींना गोळा करून केडगावच्या उजाड माळावर त्यांच्यासाठी घर, शाळा आणि उद्योगशाळा एकाच आवारात उभी करणाऱ्या कर्त्या स्त्रीचे ते चित्र आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच कार्याचा परामर्श घ्यावयाचा आहे.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी वाचकांना रमाबाईंविषयी आणखी एका कारणाने आपुलकी वाटावी. त्यांचा जन्म मराठी मुलखात झाला नाही, आणि चोविसावे वर्ष लागेपर्यंत पुण्यात त्यांचे वास्तव्यही झाले नाही. मराठी त्यांना मिळाली ती आईच्या तोंडून, वाटचालीत आणि धर्मशाळांच्या ओसऱ्यांवर. तरीही पुढे त्यांनी ज्या भाषेत ग्रंथ लिहिले आणि ज्या भाषेत आपल्या मुलींना शिकविले ती भाषा मराठीच होती.

घर नसलेले बालपण

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृत विद्येत निष्णात आणि वृत्तीने अत्यंत आग्रही. स्त्रियांना संस्कृत शिकविणे पाप मानले जात असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना ती विद्या शिकविण्याचा निश्चय केला. त्यावरून स्वकीयांचा रोष ओढवला, तेव्हा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तुंगभद्रेच्या उगमाजवळील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी कुटी बांधली. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी, यात्रेकरू आणि अतिथी यांच्या अन्नदानात शास्त्रीबोवांचे होते नव्हते ते द्रव्य संपले आणि कुटुंबाला अरण्यातील ते घरही सोडावे लागले. त्या वेळी रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात निजवून त्यांना डोंगरातून खाली आणण्यात आले. तेथून पुढे सोळा-सतरा वर्षे या कुटुंबाला स्थिर असे घर नव्हते. एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्या तीर्थक्षेत्रास जावे, देवळात पुराण सांगावे, श्रोत्यांनी दिलेल्या धान्यदक्षिणेवर निर्वाह करावा आणि उरेल ते दान करावे, असा त्यांचा क्रम होता. या भटकंतीतच लक्ष्मीबाईंनी मुलीला पहाटे उठवून संस्कृत शिकविले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना बाराव्या वर्षीच मुखोद्गत होते.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोणी उरले नाही आणि दक्षिणा देणारा हात आखडला. सांगण्यासारखे दुसरे कसब कुटुंबातील कोणापाशी नव्हते, आणि मजुरी करण्यास किंवा भीक मागण्यास कुलाभिमान आड येत होता. रानातील पाने खाऊन आणि पाण्यावर दिवस काढून प्रथम वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीणही गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा चौथा भार रमाबाईंनी स्वतः वाहिला. पाठीमागे उरलेली ही बहीण आणि तिचे बंधू श्रीनिवासशास्त्री यांनी नंतर हजारो मैलांची पायपीट केली.

हा अनुभव रमाबाई कधी विसरल्या नाहीत. एका शास्त्रसंपन्न कुटुंबाची अन्नान्नदशा होऊन वाताहत झाली होती आणि विद्या असूनही तिचे पोट भरण्याच्या कामी साहाय्य झाले नव्हते. हातांना काम शिकविले नसेल तर केवळ पाठांतराने माणूस संकटात तरत नाही, हा धडा त्यांनी उपासमारीतूनच घेतला. पुढे त्यांनी काढलेल्या प्रत्येक संस्थेत पुस्तकाच्या शेजारी माग, सुई, घाणा आणि छापखाना दिसतो, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

विदुषी ते संस्थाचालिका

१८७८ मध्ये भाऊबहीण कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीची बंधने मोडून झालेला हा विवाह होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी, कडेवर तान्ही मुलगी घेऊन, रमाबाई पुन्हा निराधार झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य तयार करण्याची निकड मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या घटनेने महाराष्ट्रात उठलेली खळबळ सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच मुक्कामातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले गृह त्यांनी पाहिले. समाजाने झिडकारलेल्या स्त्रीला दोष न देता तिला पुन्हा उभे करता येते, आणि हे काम पद्धतशीरपणे, नित्य दिनक्रमाने करता येते, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. तेथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला, औद्योगिक शाळा पाहिल्या आणि गावोगावी व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्यातून मिळालेले द्रव्य आणि त्याच वर्षी बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे दिलेले अभिवचन, एवढ्या भांडवलावर त्या १८८९ च्या प्रारंभी मायदेशी परतल्या.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. आरंभीच्या दोन विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. त्या बालविधवा होत्या, आणि पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून ‘बाया कर्वे’ म्हणून त्या महाराष्ट्रास परिचित झाल्या.

निराश्रितांसाठी आश्रयस्थान काढण्याची कल्पना तेव्हा अगदीच नवी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, आणि पंढरपूरला १८७५ पासून बालकाश्रम चालू होता. त्या संस्थांचा पहिला हेतू जीव वाचविण्याचा होता. तत्पूर्वी तर अनाथ मुलाला नातलगांचे घर, मठ किंवा अन्नछत्र एवढेच आधार असत. अन्नछत्रात पानावर वाढले जाई. पण उद्या काय, हा प्रश्न तेथे विचारला जात नसे. शारदा सदनाचे वेगळेपण असे की, निवास आणि विद्यालय यांची तेथे एकाच छपराखाली सांगड घातली गेली. मुलीने शिकावे, शिक्षिका, परिचारिका वा अन्य काही होऊन स्वतःच्या पायावर उभे राहावे, तोवर तिला राहण्याची चिंता नसावी, अशी ती योजना होती. ब्राह्मण मुलींना आपले सोवळेओवळे पाळता यावे म्हणून स्वयंपाकाची स्वतंत्र व्यवस्था होती. धर्मोपदेश करावयाचा नाही, असे संस्थेच्या नियमांत होते आणि रानडे व भांडारकर यांच्यासारख्या थोर पुरुषांनी सल्लागार म्हणून आपली नावे तिला दिली होती.

१८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत, पण खोलीचे दार उघडे असे आणि ज्या मुली येऊन बसत त्यांना त्या मज्जाव करीत नसत. त्यांच्या मते हे धार्मिक स्वातंत्र्य होते, तर टीकाकारांच्या मते दिलेल्या वचनाचा भंग होता. ‘केसरी’ने हा प्रश्न तीव्रतेने लावून धरला. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर यांनीही सदनाशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात सर्व न्याय एका बाजूस आणि सर्व अन्याय दुसऱ्या बाजूस होता, असे आज शंभर वर्षांहून अधिक काळानंतर म्हणता येत नाही. पालकांनी मुली विश्वासाने सोपविल्या होत्या आणि कोवळ्या वयाच्या आश्रित मुलीवर आश्रयदात्या स्त्रीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणे अपरिहार्य होते. ही चिंता पोकळ नव्हती. पण ज्या मुली घरी परत नेल्या गेल्या त्यांच्यापुढे पुन्हा केशवपन, अंधारी माजघरे आणि अज्ञान एवढेच वाढून ठेवलेले होते, हेही तितकेच खरे. विरोध करणाऱ्या समाजापाशी त्या दिवशी दुसरे सदन तयार नव्हते.

दुष्काळ आणि केडगाव

अमेरिकेच्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत एके दिवशी संपणार, हे रमाबाई जाणून होत्या. फळबागेच्या उत्पन्नावर सदनाचा खर्च चालावा, या हेतूने त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. माळरान फोडून तेथे विहिरी खणण्यात आल्या आणि झाडे लावण्यात आली. ही जमीन पुढे कोणत्या कामी येणार आहे, याची त्या वेळी कल्पना नव्हती.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या कानी आल्या आणि रमाबाईंच्या मनात स्वतःच्या उपासमारीचे दिवस जागे झाले. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदतकेंद्रांत आणि अन्नगृहांत त्यांनी जे पाहिले ते भुकेपेक्षाही भयानक होते. आईबाप मेलेल्या वा हरवलेल्या कोवळ्या मुली तेथे रक्षणावाचून पडल्या होत्या. मूठभर धान्याच्या लोभाने त्यांना फूस लावून नेणारी माणसे आसपास वावरत होती. अशा सुमारे तीनशे मुली रमाबाई आपल्यासमवेत घेऊन आल्या. त्यांत विधवा होत्या, तशाच कुमारिकाही होत्या आणि उच्च जातींच्या होत्या, तशाच इतर जातींच्याही होत्या. विधवांसाठी काढलेली संस्था त्या एका प्रवासाने अनाथ बालिकांचीही झाली.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली होती. नव्याने आलेल्या एवढ्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांना केडगावच्या जमिनीवर नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. फळबागेसाठी घेतलेल्या त्या माळावर राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये पक्क्या इमारती होऊन त्या वसाहतीला ‘मुक्ती सदन’ हे नाव मिळाले. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. या वेळी गुजरातेतून शेकडो मुली आणल्या गेल्या आणि आश्रितांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. दोन विद्यार्थिनींनिशी आरंभलेल्या कार्याचे अकरा वर्षांत एका लहानशा गावात रूपांतर झाले.

मुक्ती सदनातील व्यवस्था

एवढ्या मुलांना जगविणे हेच प्रथम महाकठीण काम होते. दुष्काळी मुलांच्या अंगावर हाडे तेवढी उरलेली असत, तोंडे आलेली असत, त्वचारोग जडलेले असत. कित्येक मुली आल्यावर थोड्याच दिवसांत दगावल्या. ज्या जगल्या त्यांची मने उपासमारीने बिथरलेली होती. भाकरी लपवून ठेवणे, दुसरीच्या पानावरचे ओढून घेणे आणि कोणावरही विश्वास न ठेवणे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. अशा मुलींना केवळ पगारी नोकरांच्या हवाली करून भागणारे नव्हते. रमाबाईंनी शारदा सदनात तयार झालेल्या जुन्या विद्यार्थिनींना शिक्षिका आणि माता या दोन्ही भूमिकांत उभे केले. थोरल्या मुलींकडे धाकट्यांची जबाबदारी सोपविली. काल जिला सांभाळावे लागत होते तिच्याच हाती आज दुसरीला सांभाळण्याचे काम आले. निराधार मुलीला आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत असे वाटणे, हेच तिच्या सावरण्याचे पहिले पाऊल असते, हे रमाबाईंनी ओळखले होते.

शिक्षणाची रचनाही याच धोरणाने होती. धाकट्यांना बालोद्यान पद्धतीने, खेळातून आणि वस्तू हाताळून शिकविले जाई. पुढील वर्गांत लेखन, वाचन आणि गणित असे आणि ज्यांची बुद्धी चाले त्यांना शिक्षिका होण्यापर्यंत शिकता येई. त्याच्या जोडीला शेती, बागकाम, दुभत्या जनावरांची निगा, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, स्वयंपाक आणि रुग्णशुश्रूषा ही कामे होती. छापखान्यात मुली स्वतः खिळे जुळवीत आणि छपाई करीत. ज्या काळी मराठी वाचणारी स्त्री हीच नवलाईची गोष्ट होती, त्या काळी खेड्यातील एका माळावर दुष्काळातून वाचलेल्या मुली मराठी पुस्तके छापीत होत्या. आपल्यासारख्या ग्रंथप्रेमी वाचकांनी हे दृश्य क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

गरज दिसेल तसतशी एकेका विभागाची भर पडत गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन आणि अंध मुलींसाठी बार्तीमी सदन अशी ती घरे होती. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती. त्यांच्यामुळे अंध मुलींच्या बोटांना अक्षरांची ओळख झाली. पुढे निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथेही मुलींच्या शिक्षणासाठी संस्था निघाली आणि तिची धुरा मनोरमाबाईंनी वाहिली.

धर्माचा प्रश्न येथेही होताच. बोस्टनच्या संस्थेच्या नियमाने बांधलेले शारदा सदन निराळे होते; मुक्ती सदन ही उघड उघड ख्रिस्ती संस्था होती. तेथील दिनक्रमात प्रार्थनेला मोठे स्थान होते आणि बहुसंख्य मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९०५ च्या सुमारास तेथे धार्मिक जागृतीची मोठी लाट उसळली आणि तिची वार्ता परदेशापर्यंत गेली. यामुळे मराठी समाजाने या कार्याकडे पाठ फिरविली आणि कित्येक वर्षे रमाबाईंचे नाव त्याने संकोचाने घेतले. दुष्काळातील भुकेली मुले आणि धर्मांतर यांचा संबंध हा आजही अस्वस्थ करणारा प्रश्न आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या प्रश्नाच्या जोडीने दुसराही प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. त्या मुली रस्त्यावर पडल्या असता त्यांना उचलण्यास आपल्यापैकी किती जण धावले होते?

वारसा

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही थोर माणसांनी कृतीने दिले. शारदा सदनाच्या विद्यार्थिनीशी विवाह केलेल्या कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० पासून तो हिंगण्यास नांदू लागला. निवास, शिक्षण आणि स्वावलंबन यांची जी सांगड रमाबाईंनी घातली होती तीच हिंगण्यास हिंदू समाजाच्या मर्यादेत आणि त्याच्या विश्वासाने साधली गेली. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहाला शिक्षणप्रसाराचे मुख्य साधन बनविले. या सर्वांच्या प्रेरणा वेगवेगळ्या होत्या आणि त्या सर्वांचे श्रेय रमाबाईंना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण घर नसलेल्या मुलाला नुसते अन्न पुरत नाही, त्याला घर, अक्षर आणि कसब ही तिन्ही एकत्र मिळाली पाहिजेत, हा विचार मराठी मुलखात इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम त्यांनीच अंमलात आणून दाखविला.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सुलभ मराठीत भाषांतर करण्याचा ध्यास घेतला होता. अल्पशिक्षित बाईलाही समजावी अशी त्याची भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे अकाली निधन झाले. हा आघात सोसूनही त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांनी देह ठेवला. १९८९ मध्ये भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

केडगावची संस्था आजही उभी आहे आणि निराश्रित स्त्रिया व मुले तेथे आश्रय घेत आहेत. तिच्या संस्थापिकेने आपल्या बालपणी मुलुख पालथा घातला, तेव्हा तिच्यासाठी कोठे दार उघडे नव्हते. तिने मोठेपणी बांधलेल्या घराचे दार मात्र जात, भाषा वा प्रांत न विचारता उघडले जात असे. मतभेद बाजूस ठेवून आपण तिच्यापुढे नम्र व्हावे, एवढे तिचे ऋण आपल्यावर निश्चित आहे.